पाच मुले, एक कूलर

दुपारी पावणेतीनला लाइन गेली. कूलरचा पंखा एकदम थांबत नाही. तो मंदावत मंदावत बसतो, मग ताट्यांवरून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा उरतो, आणि तोही संपला की घरातले पहिले लेकरू कूस बदलते. आधी उठते ते कूलरपासून सर्वांत लांब निजलेले, कारण ते तसेही अर्धेच झोपलेले असते. मग एकेक करत पुढची. पाचव्या मिनिटाला पाचही जण उठून बसलेले, केस कपाळाला चिकटलेले, आणि सहा वर्षांचा पुतण्या विचारतो, "मोठी आई, लाइन कवा येते?" याचे उत्तर बाळापुरात कोणालाच ठाऊक नसते. विचारायचे मात्र घरातल्या बाईलाच.

१ मे झाला. सकाळी झेंडावंदन, मग निकाल. प्रगतिपत्रक हातात घेऊन मुले घरी आली, दप्तरे कोपऱ्यात भिरकावली आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली. महाराष्ट्र दिनाची भाषणे झाली, कामगार दिनाचीही झाली. त्याच दुपारपासून या गावातल्या घराघरांत जे एक काम सुरू झाले, त्याचा उल्लेख त्या भाषणांत कुठे नव्हता. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आगेमागे उघडतात. म्हणजे पन्नासहून अधिक दिवस. एवढे दिवस लेकरे सांभाळायची, आणि तीही रोज सकाळी दहा ते संध्याकाळी पाच दार लावून. आजचा अग्रलेख या कामावर आहे. कापसाचे भाव आणि पुढाऱ्यांची पक्षांतरे पुढच्या अंकात घेऊ, ती कुठे पळून जात नाहीत.

आमच्या पाठ्यपुस्तकांतली उन्हाळ्याची सुट्टी बहुतेक वेळा कोकणातली असते. आमराई, विहिरीत सूर मारणे, करवंदे, समुद्राची वाळू. वऱ्हाडातल्या लेकराला ती वाचताना परीक्षेत उत्तर लिहिता येते, एवढेच. इथली सुट्टी मुले अभ्यासाने थकली म्हणून दिलेली नाही. ऊन शाळेत जाऊ देत नाही म्हणून दिलेली आहे. हवामान खात्याच्या व्याख्येत मैदानी भागात पारा ४५ अंशांवर गेला की उष्णतेची लाट आणि ४७ वर गेला की तीव्र लाट. अकोल्याकडे मे महिन्यात ४५ अंश ही शेवटच्या पानावरची बातमी असते. २५ मेपासून नवतपा, तेव्हा तर रस्त्यावरची कुत्रीही नालीत जाऊन बसतात. २०२४ च्या मे अखेरीस आमच्या अकोला जिल्हा प्रशासनाने उष्णतेच्या लाटेसाठी चक्क कलम १४४ लावले होते. दंगलीमुळे आणि मोर्च्यांमुळे ज्या कलमाची आम्हाला ओळख, ते त्या वर्षी उन्हासाठी लागले. बाहेरगावच्या वर्तमानपत्रांना त्याचे मोठे नवल वाटले. आमच्या बायकांना वाटले नाही. त्यांच्या घरात ते कलम दर उन्हाळ्यात सकाळी दहाला लागते आणि पाचला उठते.

इंग्रजांच्या काळी वऱ्हाडचा साहेब उन्हाळ्यात चिखलदऱ्याला जाई. ज्याला वर जाता आले तो गेला, ज्याला जाता आले नाही त्याने दार लावून घेतले. आज तेवढाच फरक की वर जाण्याऐवजी लोक एसी घेतात. आमच्याकडे एक कूलर आहे.

आमच्या घरची शिरगणती सांगायला हवी. माझी दोन, थोरली अकरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. जावेची दोन, सहा वर्षांचा पुतण्या आणि चार वर्षांची पुतणी. जाऊ अकोल्याला नोकरी करते, सकाळच्या एसटीने जाते, दिवेलागणीला येते. आणि यंदा नणंदेची अडीच वर्षांची लेक. नणंद पुण्याहून आली, पारस स्टेशनला गाडीतून उतरली, चार दिवस राहिली आणि "पंधरा दिवस ठेवा वहिनी, तिकडे पाळणाघराला सुट्टी आहे" म्हणून लेकीला सोडून गेली. पूर्वी मामाच्या गावाला जायचे ते मामाकडे आंबे असत म्हणून. आता मामाच्या घरी दोन बायका आणि एक आजी असते म्हणून जायचे. घरातले पुरुष दुकानावर. सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे, त्यांचे गुडघे दुखतात आणि कान मात्र शाबूत आहेत, हे मुलांच्या दृष्टीने वाईट. मी हे साप्ताहिक घरूनच पाहते. घरून पाहते म्हणजे "घरीच असते", असे सगळ्यांचे मत आहे.

पाच मुले म्हटले की मला एक कायदा आठवतो. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात एक बारीकशी तरतूद होती. कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांतल्या एका बाईला फक्त ती मुले सांभाळायला बसवायचे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. माती उचलायची नाही, दगड फोडायचे नाहीत, मुले सांभाळली की हजेरी लागली. हा कायदा करणाऱ्यांत कोणीतरी नक्कीच दुपारी घरात राहिलेला माणूस असावा. पाच लेकरे सांभाळणे हे एका माणसाचे अख्ख्या दिवसाचे काम आहे, हे सरकारने एवढ्या स्वच्छ शब्दांत दुसरीकडे कुठे लिहिल्याचे मला तरी दिसले नाही. आता ती तरतूद किती कामांवर पाळली गेली हा प्रश्न वेगळा, आणि त्याचे उत्तर ज्यांनी शेततळ्यांच्या काठावर झोळीत रडणारी मुले पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे. पण हिशेब तरी मांडला गेला. आमच्या घरातली सगळीच काही सहाच्या आतली नाहीत, कायद्याच्या काट्यावर आम्ही बसणार नाही. पण आठ वर्षांच्या मुलाला सांभाळायला लागत नाही असे म्हणणाऱ्याने त्याच्याबरोबर एक दुपार बंद खोलीत काढून दाखवावी.

दुपार म्हणजे काय, ते सांगते. साडेदहाला जेवणे. अकराला खिडक्यांना ओले पडदे. साडेअकराला कूलरसमोर सतरंजी, आणि मग जागेचे भांडण. जाळीसमोरची जागा कोणाची, यावर पहिल्या आठवड्यात एक दात हलला. तो पडायचाच होता, पण निमित्त हे झाले. तेव्हापासून फरशीवर खडूने पाच घरे आखली आहेत आणि रोज एकेक घर सरकायचे. अडीच वर्षांचीला हा नियम कळत नाही, ती कोणाच्याही पोटावर झोपते. आमच्याकडे बोअरचे पाणी खारे. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आमच्या कूलरच्या ताट्या पाहाव्यात. महिन्याभरात गवतावर मिठाचा पांढरा थर बसतो आणि वाऱ्याला एक वास येऊ लागतो. बाळापूरच्या मुलांना मोठेपणी सुट्टीचा म्हणून जो वास आठवेल तो मोगऱ्याचा नसेल, याचा असेल.

आणि कूलरचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट अग्रलेखाची इभ्रत बाजूला ठेवून सांगते. पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी भरताना आधी बटण बंद करा, पिन काढा, मग बादली उचला. मुलांना हे काम अजिबात सांगू नका. विदर्भात दर उन्हाळ्यात ओल्या हाताने कूलरला टेकलेली माणसे आणि लेकरे विजेच्या धक्क्याने जातात. आर्थिंग तपासून घ्यायला येणारा खर्च एका शेगाव वारीपेक्षा जास्त नाही.

लाइन गेल्यावर आमच्या घरात एक पद्धत पडली आहे. मागच्या गल्लीची विजेची डीपी वेगळी आहे. आमच्याकडे अंधार झाला तरी तिकडे पंखे फिरत असतात. मग उशा बगलेत मारून पाचही जण मागच्या दाराने त्या गल्लीतल्या खालांच्या घरी पळतात. खालांची स्वतःची दोन नातवंडे आहेत, थोरला उर्दू शाळेत चौथीत. तिथे सात मुले एका कूलरसमोर आडवी होतात. तिकडची लाइन गेली की हीच वरात उलटी आमच्याकडे येते. कोण कोणाकडे किती वेळा झोपले याचा हिशेब कोणी ठेवत नाही. फक्त एकदा खाला म्हणाल्या, "बाई, तुमचे पोट्टे झोपेत लाथा लई मारतात," तेव्हा मी मान खाली घातली.

आठवड्याअखेरीस एक गोष्ट माझ्या लक्षात आली. थोरलीने वाचनालयातून एक पुस्तक आणले होते. जाडजूड, रहस्यकथा, तिच्या पसंतीचे. खूण म्हणून तिने त्यात कडुनिंबाची एक काडी घातली होती. सोमवारी ती काडी बाराव्या पानावर होती. शनिवारी मी उशी झटकताना पुस्तक खाली पडले, तेव्हाही काडी बाराव्याच पानावर होती. मग मी सहा दिवस आठवून पाहिले. अडीच वर्षांचीला कडेवर घेऊन हिंडणारी कोण? पुतणीचे केस विंचरणारी, आजीला पाणी नेऊन देणारी, दोघा पोरांच्या कंच्यांच्या भांडणात न्यायनिवाडा करणारी कोण? मी लिहीत असताना "आईले काम करू द्या" म्हणून सगळ्यांना दुसऱ्या खोलीत नेणारी कोण? आपल्या घरात रोजगार हमीच्या परिशिष्टातली ती बाई कोण आहे, याचे उत्तर मी स्वतःचे नाव समजून बसले होते. ती माझी अकरा वर्षांची मुलगी होती. तिला तर मजुरीही नव्हती आणि कोणी नेमलेही नव्हते.

केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात असे निघाले, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. हे आकडे आम्ही महिला दिनाच्या पुरवण्यांत दरवर्षी छापतो. त्या पाहणीत सहा वर्षांपासून पुढच्या सगळ्यांना धरले होते, हे मात्र मी कधी नीट वाचले नव्हते. म्हणजे त्या सरासरीत कुठेतरी अकरा वर्षांच्या मुलीही आहेत, बाराव्या पानावर काडी ठेवून उठलेल्या.

आमचे घर तरी बरे म्हणायचे. इथून वाडेगावकडे जा, कोणत्याही वाटेने. तिकडे लिंबाच्या बागा आहेत, आणि उन्हाळ्यात लिंबाला भाव असतो तेव्हाच तोडणी असते. बायका पहाटे झुंजूमुंजू असताना बागेत जातात, ऊन चढायच्या आत काट्यांतून लिंबे काढतात. ज्यांना बाग नाही त्या पऱ्हाटी उपटायला, शेतातला काडीकचरा वेचायला जातात, कारण मृग तोंडावर असतो. घरी राहते ती थोरली पोर. दहा वर्षांची. शाळा असती तर ती शाळेत असती, धाकटे अंगणवाडीत असते. सुट्टी लागली म्हणजे तिची कामावर रुजू होण्याची तारीख आली. आपण ज्याला सुट्टी म्हणतो त्या शब्दाचा तिच्या घरात उलटा अर्थ होतो, आणि जूनमध्ये शाळा उघडली की ती सुटते.

आणखी एक गोष्ट सुट्टीत बंद होते, ती म्हणजे खिचडी. शाळेतल्या दुपारच्या जेवणाला नावे ठेवणे सोपे आहे, आम्हीही याच स्तंभातून ठेवली आहेत. अळ्यांच्या बातम्या छापल्या, छापायलाच हव्या होत्या. पण पहिली ते आठवीच्या मुलाचे ते एक वेळचे शिजलेले अन्न असते, आणि तीन मुले असलेल्या मजुराच्या घरी १ मेनंतर रोज तीन ताटे वाढतात. सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या नोव्हेंबरात शाळेत शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला. २००४ च्या एप्रिलमध्ये, दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही ते द्या, असे सांगितले. न्यायमूर्तींना जे दिसले ते सरळ होते, की भुकेला सुट्टी लागत नाही. दुष्काळ जाहीर होतो त्या वर्षी हे आठवते. न जाहीर झालेल्या वर्षी त्या घरातला डबा काही आपोआप भरत नाही.

घरांचेही सांगितले पाहिजे, कारण मुले सांभाळण्याच्या कामात अर्धा वाटा पूर्वी घरच उचलत असे. जुन्या बाळापुरात माळवदाची घरे होती. हातभर, कुठे दोन हात जाड मातीच्या भिंती, वर लाकडी किलच आणि खाऱ्या मातीचा थर. बाहेर वणवा असला तरी आत माजघरात दुपारी गोधडी ओढावीशी वाटे. सासूबाई सांगतात, त्यांच्या सासरी चौदा लेकरे एका माजघरात झोपत आणि दुपारभर आवाज नसे. चौदा हा आकडा दरवर्षी एखाद्याने वाढतो, पण मूळ गोष्ट खरी आहे. ती घरे पावसात गळत, माती दरवर्षी टाकावी लागे, साप निघत, म्हणून आम्ही ती पाडली आणि स्लॅब टाकला. पाडली यात चूक नव्हती. पण स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री अकरापर्यंत ते खाली सोडतो. ज्यांना स्लॅब झेपला नाही त्यांनी टिनपत्रे टाकले, त्यांच्या घरात दुपारी बसून दाखवणारा माणूस मी पाहिलेला नाही, ते लोक कडुनिंबाखालीच असतात. गच्चीला पांढरा चुना मारला तर खालची खोली थोडी तरी निवते. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी लढायचा शहराचा पहिला आराखडा केला, तिथे पुढे असली साधी कामे गरीब वस्त्यांत करून पाहिली गेली. चुन्याची एक गोणी आणि एक सकाळ, एवढाच मामला आहे. आम्ही या वर्षी मारला. मुलांनी मारला म्हणणे अधिक खरे, निम्मा त्यांच्या अंगावर गेला.

नुसते रडगाणे गायला अग्रलेख लिहायला बसले नव्हते. या सुट्टीत एक वेळ अशी आहे की जी जगात कुठे मिळणार नाही, ती म्हणजे सकाळी साडेपाच ते आठ. परवा कुरडया झाल्या. तीन दिवस गहू भिजत घातले, रोज पाणी बदलले, चौथ्या दिवशी वाटून चीक काढला. पहाटे चुलीवर मोठे पातेले चढले. चीक शिजताना दोघींना हाटावे लागते आणि शिजला की पाच वाट्या आधी पुढे येतात, कोणाला साखर-तूप घालून, कोणाला तेल-तिखट. मग गच्चीवर जुने लुगडे अंथरून साच्याने कुरडया टाकायच्या. आठ वर्षांचा मुलगा काठी घेऊन कावळ्यांवर नेमलेला. पुतण्या साचा दाबायला हट्ट करतो, त्याची ताकद पुरत नाही, तो साच्यावर लोंबकळतो आणि जी कुरडई पडते ती प्रश्नचिन्हासारखी दिसते. पुतणी अर्ध्या वाळलेल्या कुरडयांचे काठ मोडून खाते, आजी ते पाहते आणि दुसरीकडे तोंड करते. आठ वाजले की ऊन टोचायला लागते आणि सगळे खाली. त्या अडीच तासांत कोणी कोणाला "काय करू?" असे विचारले नाही. लेकरांना काम पाहिजे असते, खरे काम, ज्यात बिघडवायला वाव आहे असे. सकाळ त्यांना ते देते. दुपारजवळ द्यायला काही नसते, म्हणून दुपारी मोबाइल हातात येतो.

मोबाइलवर मी रागावून लिहिणार नाही. दोन वाजता, अडीच वर्षांची रडत असताना, मीही दिला आहे. ज्यांनी दुपारी घरात पाच मुले सांभाळली नाहीत अशा मंडळींची मोबाइलवरची व्याख्याने मला ऐकवत नाहीत. शिवाय लाइन गेली की बॅटरीही जाते, तो एक इलाज निसर्गाने करून ठेवला आहे. चंगा-अष्टा मात्र लाइनवर चालत नाही. फरशीवर खडूचा पट आणि फोडलेले चिंचोके, एवढ्यावर यंदा दीड तास रोज निघतो. खालांचा नातू सगळ्यांना हरवतो.

उन्हाची एक गोष्ट मात्र रागावूनच सांगायची आहे. लहान मुलाचे अंग मोठ्यापेक्षा लवकर तापते, आणि त्याला तहान लागली हे ते खेळताना सांगत नाही. सुस्त पडले, लघवी कमी झाली, तोंड कोरडे पडले, की मीठ-साखरेचे पाणी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. वाडेगावचे लिंबू पिळले तर चव येते. अंग तापून लेकरू बरळायला लागले, झटके आले, तर मात्र घरचे पन्हे आणि कांदा करत बसू नका, अंगावर ओले फडके टाकून तडक दवाखाना गाठा. आणि मन-म्हैस नद्यांच्या डोहांवर पोरांना एकटे सोडू नका. पाणी आटलेले दिसते, रेती उपसलेले खड्डे दिसत नाहीत.

संध्याकाळी पाच-साडेपाचला दारे उघडतात. तेव्हा गाव पाहण्यासारखे असते. सगळ्या गल्ल्यांतून एकाच वेळी लेकरे बाहेर सांडतात. पण जायचे कुठे? १७५७ मध्ये पुरा झालेला आमचा किल्ला आहे, पण त्याच्या बुरुजांवर पाच लहानग्यांना घेऊन जायची माझी छाती नाही. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंहांच्या नावाची काळ्या दगडांची छत्री आहे. तिच्या खांबांतून संध्याकाळी वारा येतो. आम्ही आठवड्यातून दोनदा जातो, मुले खांबाखांबांशी शिवणापाणी खेळतात. इतक्या मोठ्या राजाच्या नावाची वास्तू शेवटी मुलांच्या उपयोगी पडते, हे मला तिच्या इतिहासापेक्षा जास्त आवडते. पण रोज तिथवर अडीच वर्षांचीला कडेवर नेणे जमत नाही. मग उरतो रस्ता. रस्त्यावर मोटारसायकली.

आणि चार घरे सोडून एक शाळा आहे. मोठे पटांगण, कडेने कडुनिंब, एक हातपंप, एक ओटा. फाटकाला कुलूप. १ मेला लागले, जूनअखेरीस निघेल. मुले फाटकाच्या गजांतून आत पाहतात. आठ वर्षांचा मुलगा मला म्हणाला, "आई, आपलीच शाळा हाय नं? मंग काहून बंद?" मी त्याला सुट्टी म्हणजे काय ते समजावून सांगितले. त्याला पटले नाही. मलाही सांगता सांगता पटेनासे झाले.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षे इथून जवळ अमरावतीला होत्या. पुढे बोर्डीला आणि कोसबाडला त्यांनी जे काम उभे केले, त्यामागे एक साधी जाणीव होती. आदिवासी पाड्यांतली मुले शाळेपर्यंत येत नाहीत, कारण त्यांना धाकटी भावंडे सांभाळायची असतात, गुरे राखायची असतात. मग शाळाच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा झाली. धाकट्याला कडेवर घेतलेली थोरली बहीण त्यांना शंभर मैलांवरून दिसली होती. आम्हाला ती चार घरांपलीकडे दिसत नाही. ताराबाई शाळा अंगणात घेऊन गेल्या. आम्हाला तेवढेही करायचे नाही, शाळेचे अंगण फक्त उघडे ठेवायचे आहे.

म्हणून शाळांच्या व्यवस्थापन समित्यांना, नगर परिषदेला आणि तालुक्यातल्या ग्रामपंचायतींना आमची विनंती आहे. पटांगणाचे फाटक सुट्टीभर संध्याकाळी पाच ते आठ आणि सकाळी सहा ते आठ उघडा. आत पिण्याच्या पाण्याचा एक रांजण आणि एक दिवा. वर्गखोल्या उघडू नका, खडूही देऊ नका, खडू आमच्याकडे आहेत. लक्ष ठेवायला मोहल्ल्यातला एक मोठा माणूस रोज पाळीने बसेल, आणि त्या पाळीत पुरुषांची नावे आधी लिहा. दुकान आठवड्यातून एक संध्याकाळ दोन तास लवकर बंद झाल्याने बाळापूरची बाजारपेठ बसत नाही, हे मी घरात सांगून झाले आहे. मंजूर झाले आहे, गुरुवारची पाळी नवऱ्याची. वाचनालय चालवणाऱ्यांनी सकाळी सातला कुलूप काढावे, दहाला मुले तिथून पुस्तक घेऊन घरी जातील. खिचडीचे मात्र पाळीने होणार नाही, ती सरकारनेच शिजवली पाहिजे, दुष्काळ जाहीर होवो न होवो. त्यासाठी येत्या आठवड्यात तहसील कार्यालयात निवेदन द्यायचे आहे, ज्यांना सही करायची असेल त्यांनी आमच्या कार्यालयात, म्हणजे आमच्या घरी, यावे. दुपारी आलात तर खडूची घरे पाहून बसा.

त्या दिवशी लाइन सव्वाचारला आली. खालांकडून तिघेच परतले, थोरली त्यांच्यात नव्हती. ती खालांच्या ओसरीत भिंतीला टेकून बसली होती, अडीच वर्षांची खालांच्या मांडीवर झोपली होती. पुस्तकातली काडी एकतिसाव्या पानावर गेली आहे. एकंदर पाने दोनशे आठ आहेत, आणि शाळा उघडायला अजून पन्नास दिवस आहेत.